छतापासून बिंदुसरेपर्यंत: बीड नगर परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मा. मुख्याधिकारी आणि सर्व मा. सदस्य,
बीड नगर परिषद, बीड.

विषय: शहरावर पडणारा पाऊस शहरातच अडवणे, मुरवणे आणि वापरणे यासाठी धोरण ठरवून अर्थसंकल्पात तरतूद करण्याबाबत.



बीडच्या पाण्याचा विषय निघाला की सगळ्यांची नजर माजलगावकडे वळते. धरणात साठा किती, पालीच्या बिंदुसरा प्रकल्पात किती उरले, जलवाहिनी कुठे फुटली, आपल्या गल्लीला नळ कधी येणार, याच प्रश्नांभोवती आपली चर्चा वर्षानुवर्षे फिरते. हे प्रश्न खरे आहेत आणि ते सुटलेच पाहिजेत. पण शहराला पाणी दोन वाटांनी मिळते, एक धरणातून आणि दुसरी आभाळातून. पहिल्या वाटेसाठी आपल्याकडे विभाग आहे, अभियंते आहेत, पंप आहेत, योजना आहेत. दुसऱ्या वाटेसाठी आपण फक्त नाली बांधली आहे. शहरावर पडलेला पाऊस लवकरात लवकर शहराबाहेर घालवणे, एवढेच काम त्या नालीला दिलेले आहे.

हे बदलावे, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र आहे. बीड शहर हेही एक पाणलोट क्षेत्र आहे, ही गोष्ट नगर परिषदेने ठराव करून मान्य करावी आणि पुढचा प्रत्येक रस्ता, प्रत्येक ले-आउट, प्रत्येक बांधकाम परवाना त्या नजरेने तपासावा.

आधी हिशोब मांडतो. बीड जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस सुमारे 666 मिलिमीटर आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हजार चौरस फुटांचे छत म्हणजे जवळपास 93 चौरस मीटर. सरासरीच्या वर्षात त्या एका छतावर सुमारे 62 हजार लिटर पाणी पडते. पहिल्या पावसाचे धुवण, बाष्पीभवन आणि गळती यांपोटी पाचवा भाग सोडला तरी 50 हजार लिटरच्या आसपास पाणी हाती लागू शकते. पाच हजार लिटरचे दहा टँकर झाले! पाच माणसांच्या घराने दररोज 350 लिटर वापरले तर हे पाणी साडेचार महिने पुरेल एवढे आहे. दुष्काळाच्या वर्षात पाऊस निम्म्यावर आला तरी दहा आठवड्यांचे पाणी त्या छतावर पडतेच. सगळे पाणी साठवायला कोणाच्याही घरी एवढी मोठी टाकी नसते, हे खरे. म्हणूनच जे मावेल ते टाकीत घ्यायचे आणि उरलेले जमिनीत घालायचे.

आता रस्त्याकडे पाहू, पण त्याआधी तुलनेसाठी एक आकडा आठवू. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. साऱ्या देशाने ते दृश्य पाहिले. पहिल्या गाडीत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. लातूरची तहान भागवणारे मांजरा धरण आपल्या जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे, आणि ते कोरडे पडल्यामुळेच ती वेळ आली होती. आता दुसरी आकडेमोड करा. एक हेक्टर, म्हणजे अडीच एकर, काँक्रिटच्या जागेवर तासाभरात 50 मिलिमीटरचा एक सडाका पडला, तर त्यावर तेवढेच, 5 लाख लिटर पाणी पडते. बाजारपेठ, बसस्थानक, शासकीय कार्यालयांची आवारे, शाळांची मैदाने, रस्ते धरले तर बीडमध्ये असे किती हेक्टर भरतील, याचा अंदाज आपल्या नगररचना विभागाला माझ्यापेक्षा चांगला येईल. एका जोराच्या पावसात अशा कितीतरी पाण्याच्या गाड्या आपल्या डोळ्यांदेखत नालीतून बिंदुसरेला, बिंदुसरेतून सिंदफणेला आणि तिथून गोदावरीला जातात.

हेच पाणी जाताना नुकसानही करून जाते. 1989 च्या जुलैत बिंदुसरेला आलेला पूर जुन्या बीडकरांच्या आठवणीत आजही ताजा आहे. माणसे गेली, घरे गेली, दुकाने गेली. 2025 च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली तेव्हा सिंदफणा आणि गोदावरीकाठची शेते पाण्याखाली गेली, आष्टी तालुक्यात पुरात अडकलेल्या लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे घडले. टंचाई आणि पूर हे आपण दोन वेगळे विषय मानतो. एकासाठी टंचाई आराखडा असतो, दुसऱ्यासाठी आपत्ती व्यवस्थापन असते, आणि दोन्हींच्या फायली वेगळ्या टेबलांवर फिरतात. पण जमिनीने पाणी धरले नाही की जूनपासून ऑक्टोबरपर्यंत त्याचा पूर होतो आणि मार्चपासून मेपर्यंत त्याच न धरलेल्या पाण्याची टंचाई होते.

जमिनीत पाणी धरण्याची ही विद्या आपल्याला बाहेरून आणायची नाही. शहराच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर खजाना बावडी आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अहमदनगरच्या मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबत खान याने ती बांधवली. तिचे रचनाकार म्हणून राजा भास्कर यांचे नाव घेतले जाते. जमिनीखालचे पाणी भुयारी वाटांनी या विहिरीत आणायचे आणि तिथून दुसऱ्या भुयाराने बलगुजार भागातल्या शेतांकडे न्यायचे, अशी ती रचना. मोट नाही, पंप नाही, सगळे काम जमिनीच्या उताराने होते. ज्याने हे बांधले त्याला डोंगराचा उतार, खडकातल्या भेगा आणि झिरपणारे पाणी यांची नेमकी जाण होती. मलिक अंबरने पुढे छत्रपती संभाजीनगरला नहरी बांधल्या, त्या याच विचाराच्या. आपल्या शहरात कंकालेश्वराचे मंदिर जलकुंडात उभे आहे. मंदिर बांधणाऱ्यांनी देवाच्या भोवती पाणी धरून ठेवणे हा रचनेचाच भाग मानला. जुन्या वाड्यांमध्ये आड होते, गावोगावी बारवा होत्या. पावसाच्या भरवशावर राहणाऱ्या मुलखाने पाण्याला थांबवण्याच्या जागा आधी केल्या आणि मग वस्ती केली. आपण वस्ती आधी केली आणि त्या जागा बुजवल्या.

दुसरी विद्या अगदी अलीकडची आहे. 2016 मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या तीन तालुक्यांत झाली. त्यात वरूड आणि कोरेगाव यांच्याबरोबर आपला अंबाजोगाई तालुका होता. अंबाजोगाईतच डॉ. द्वारकादास लोहिया यांच्या मानवलोक संस्थेने त्याआधी कित्येक वर्षे पाणलोटाचे काम उभे केले होते. या सगळ्यातून जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या तोंडी एक शब्दप्रयोग बसला: माथा ते पायथा. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर खणायचे, मग उतारावर बांधबंदिस्ती करायची, मग ओढ्यात दगडी बांध घालायचे, आणि सगळ्यात शेवटी खाली नाला खोलीकरणाला हात लावायचा. पळत्या पाण्याला चालते करायचे, चालत्याला रांगते करायचे, रांगत्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला जिरवायचे. आपल्या खेड्यांतल्या बाया-माणसांनी उन्हातान्हात श्रमदान करून हे शिकून घेतले. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी हे केले. मग पक्क्या नोकऱ्यांचे, पक्क्या घरांचे, कर भरणारे शहर हे का करत नाही?

शहरालाही माथा असतो आणि पायथा असतो. आपला माथा म्हणजे छते. उतार म्हणजे गल्ल्या आणि रस्ते. ओढे म्हणजे शहरातले नाले. पायथा म्हणजे बिंदुसरा. जगात ज्याला हरित पायाभूत सुविधा म्हणतात, ती याच क्रमाने बीडमध्ये बसवता येते.

छतापासून सुरुवात करू. 2020 मध्ये राज्याने लागू केलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीत 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर पावसाच्या पाण्याची साठवण आणि पुनर्भरण बंधनकारक आहे. बीडमध्ये बहुतेक घरे याहून कितीतरी लहान भूखंडांवर आहेत. म्हणजे शहराच्या माथ्याचा मोठा भाग नियमाच्या बाहेर राहतो. नियम बदलणे राज्याच्या हातात असले तरी सवलत देणे आणि प्रोत्साहन देणे स्थानिक पातळीवर घडू शकते. पुणे महापालिका पर्जन्यजल संधारण करणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देते. बीडमध्येही लहान घरांसाठी अशी सवलत सुरू व्हावी. छताचे पाणी गाळण्यासाठी लागणारा वाळू-खडी-कोळशाचा साधा फिल्टर आणि पहिला पाऊस बाहेर सोडणारी तोटी गल्लीतला प्लंबर एका दिवसात बसवू शकतो. छताचे गाळलेले पाणी बंद पडलेल्या बोअरमध्ये सोडले की तोच बोअर पुनर्भरणाचा मार्ग होतो. आणि हे काम नगर परिषदेने स्वतःच्या छतांपासून सुरू करावे. शाळा, दवाखाने, व्यापारी संकुले, नाट्यगृह, नगर परिषदेची इमारत, या प्रत्येक ठिकाणी वर्षभरात किती लिटर पाणी अडवले, याचा फलक दर्शनी भागात लागला तर लोकांना सांगायची गरज उरणार नाही.

माथ्यानंतर उतार. आपले सिमेंटचे रस्ते भिंतीपासून भिंतीपर्यंत जातात. राहिलेल्या जागेत पेव्हर ब्लॉक बसतात, आणि तेही सिमेंटच्या थरावर. झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रिट भिडते आणि दोन-चार उन्हाळ्यांत झाड वाळते. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटर अंतरातले काँक्रिट काढण्याचा आदेश दिला होता. आपल्याकडे असा आदेश येण्याची वाट पाहू नये. रस्त्याच्या अंदाजपत्रकातच तरतूद करावी की रुंद रस्त्याच्या एका कडेला उथळ, गवत लावलेली चारी राहील, रस्त्याचा उतार त्या चारीकडे असेल, चारीत ठराविक अंतरावर दगडगोट्यांचे झिरपखड्डे असतील, आणि खड्डा भरला की जास्तीचे पाणी पुढे नालीत जाईल. म्हणजे नाली राहील, पण तिच्याकडे पाणी सगळ्यात शेवटी जाईल. जुन्या बीडमध्ये, धोंडीपुरा किंवा राजुरी वेशीजवळच्या अरुंद बोळांत, चारीला जागा नाही हे उघड आहे. तिथे काम छतावर आणि चौकात करावे. बार्शी रोड, नगर रोड, जालना रोड आणि नव्या वसाहतींमध्ये मात्र जागा आहे, आणि ती काँक्रिटखाली जाण्याआधी वाचवता येईल.

उतारावरची दुसरी मोठी संधी म्हणजे खुल्या जागा. 0.4 हेक्टर आणि त्यावरच्या ले-आउटमध्ये 10 टक्के क्षेत्र खुले ठेवावे लागते. कागदावर या जागा आहेत. प्रत्यक्षात कुठे उकिरडा, कुठे पत्र्याचे शेड, कुठे कुलूपबंद सभागृह. या जागांपैकी ज्या सखल आहेत त्या दोन-तीन फूट आणखी खोल करून त्यांची झिरपबाग करता येते. वर्षातले बहुतेक दिवस ती मुलांची खेळायची जागा, आणि मोठ्या पावसाचे दोन दिवस गल्लीचे पाणी थांबण्याची जागा. तिथे विदेशी शोभेची झाडे नकोत. करंज, कडुनिंब, उंबर, जांभूळ, काठाला वाळा ही आपल्या मातीतली, उन्हाळा सोसणारी झाडे लावावीत. 2020 च्या फेब्रुवारीत आपल्याच शहराजवळ पालवणच्या सह्याद्री देवराईत वृक्ष संमेलन भरले आणि वडाच्या झाडाला त्याचे अध्यक्षपद मिळाले. उजाड माळावर झाडे जगवता येतात हे तिथल्या लोकांनी दाखवून दिले. मग नळ, रस्ता आणि माणसे असलेल्या वसाहतीत ते नक्कीच जमेल.

नंतर नाले. पावसाळ्याआधी नालेसफाई होते, गाळ काठावर टाकला जातो, पहिल्या पावसात त्यातला बराचसा पुन्हा आत येतो. मग मागणी होते की नाला काँक्रिटने बांधून काढा. बांधलेल्या नाल्यात पाणी वेगाने धावते, खाली जाऊन पूर वाढवते आणि एक थेंब जमिनीत जाऊ देत नाही. जिथे घरे अगदी काठावर आहेत तिथे भिंत लागेल. बाकी ठिकाणी तळ मोकळा ठेवावा, काठाला दगडी पिचिंग आणि गवत लावावे, उतारावर छोटे दगडी बांध घालावेत. सांडपाण्याचा प्रवाह असलेल्या नाल्यांत कर्दळ आणि पाणकणीस यांसारख्या वनस्पतींचे पट्टे पाणी काही प्रमाणात स्वच्छ करतात. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी या गावाने घराघरांत शोषखड्डे करून सांडपाण्याच्या नाल्याच बंद केल्या आणि डासांचा त्रास संपवला. शहराची वस्ती दाट असते, त्यामुळे ती पद्धत इथे जशीच्या तशी आणता येणार नाही. पण मोकळ्या जागेच्या वसाहतींत, पिण्याच्या विहिरी आणि बोअरपासून सुरक्षित अंतर राखून, ती करून पाहता येईल.

आणि पायथ्याशी बिंदुसरा. नदी शहराच्या मधून जाते, आणि शहराने तिला आपली मागची बाजू दाखवली आहे. जलसंपदा विभागाच्या पद्धतीनुसार 25 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा आखली जाते. या दोन्ही रेषा नकाशात ठेवून उपयोग नाही. त्या शहरात भिंतींवर, खांबांवर, पुलांवर रंगवाव्यात, म्हणजे घर घेणाऱ्या माणसाला कळेल की तो कुठे घर घेतो आहे. नदीकाठचे सुशोभीकरण म्हणजे संरक्षक भिंत आणि तिच्यावर फरशी, अशी समजूत रुळली आहे. बिंदुसरेला तशी भिंत देऊ नये. तिला पसरायला पात्र द्यावे, काठाला झाडे द्यावीत, आणि तिच्यात जाणारे सांडपाणी आधी थांबवावे. नदीकाठी राहणारी बहुतेक कुटुंबे हातावर पोट असलेली आहेत. त्यांना आधी चांगली पर्यायी घरे मिळावीत आणि नंतरच काठ मोकळा व्हावा. गरिबाचे घर पाडून आणि बिल्डरची भिंत राखून केलेले नदीसंवर्धन मी मान्य करणार नाही आणि आपणही करू नये.

हे सगळे स्वप्नरंजन वाटू नये म्हणून जगातली आणि शेजारची उदाहरणे सांगतो. डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये 2 जुलै 2011 रोजी दोन-तीन तासांत सुमारे 150 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि शहर बुडाले. पुढच्याच वर्षी त्यांनी ढगफुटीसाठी वेगळा आराखडा केला. त्यात एंगहावे नावाची जुनी बाग अशी बदलली की प्रचंड पावसात तिच्यात 2 कोटी 26 लाख लिटर पाणी थांबते. एरवी तिथे लोक फिरतात, मुले खेळतात. सिंगापूरने बिशान उद्यानातला काँक्रिटचा सरळ कालवा फोडून त्याच्या जागी वळणे घेत जाणारी नदी केली, आणि 2012 मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. चीनने 2015 पासून निवडक शहरांत पाणी शोषणाऱ्या शहराची कल्पना राबवायला घेतली. आपल्या शेजारी, छत्रपती संभाजीनगरात, खाम नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम महापालिका, छावणी परिषद, उद्योग आणि नागरिक यांनी मिळून हाती घेतले आहे. मराठवाड्यातल्याच शहरात हे होत असेल तर बीडमध्ये होणार नाही असे म्हणायला जागा उरत नाही.

याच उदाहरणांमधून सावधगिरीचे धडेही घेऊ. 2021 च्या जुलैत चीनमधल्या झेंगझोऊ शहरात एका तासात 200 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. शोषक शहरासाठी तिथे पैसा ओतला होता, तरी शहर बुडाले आणि शेकडो माणसे गेली. झाडे, चाऱ्या आणि झिरपबागा नेहमीचा मोठा पाऊस पेलतात. महाप्रलयासाठी पूररेषा, सूचना यंत्रणा आणि मोकळे नाले लागतातच. तामिळनाडूने 2003 मध्ये पर्जन्यजल संधारण सक्तीचे केले, चेन्नईच्या विहिरींची पातळी वाढली, पण पुढे देखभाल ढिली पडली आणि 2019 च्या उन्हाळ्यात चेन्नईचे तलाव आटले. कायदा केल्याने काम सुरू होते, टिकवायला दरवर्षी माणूस आणि पैसा लागतो.

आक्षेप काय येतील याची मला कल्पना आहे. पहिला आक्षेप खडकाचा. आपल्या पायाखाली दख्खनचा बेसाल्ट आहे. तो वाळूसारखे पाणी धरत नाही. पाणी वरच्या मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत मावेल तेवढेच मावते. काळ्या चिकणमातीत तर खड्डा केला तरी पाणी तुंबते. हे खरे असल्यामुळेच कुठेही खड्डे खणून चालणार नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून शहराचा नकाशा करून घ्यावा: कुठे मुरूम आहे, कुठे पाणी मुरेल, कुठे फक्त टाकीत साठवावे लागेल. आणि खडक थोडे पाणी धरतो, म्हणून तो दरवर्षी भरावा लागतो. हजार फुटांचा बोअर घेऊन आपण खालचे जुने पाणी उपसतो आणि वर पडणारे नवे पाणी नालीला देतो, ही चूक अशाच खडकात सर्वांत महाग पडते.

दुसरा आक्षेप घाण पाण्याचा आणि डासांचा. रस्त्यावरचे पाणी थेट बोअरमध्ये कधीच सोडू नये. तिथे फक्त छताचे गाळलेले पाणी जावे. रस्त्याचे पाणी माती, वाळू आणि मुळांच्या थरातून झिरपूनच खाली जायला हवे. झिरपखड्डा घराच्या पायापासून किमान दहा फूट लांब असावा. नीट केलेल्या झिरपबागेतले पाणी दोन दिवसांत मुरते, आणि डासाची पैदास पूर्ण व्हायला त्याहून बरेच जास्त दिवस लागतात. तुंबलेल्या नालीत ती मुदत डासाला आजही बारा महिने मिळते.

तिसरा आक्षेप पैशाचा. दरवर्षी टंचाईत टँकर, बोअर आणि विहिरींचे अधिग्रहण यांवर खर्च होतो, आणि पावसाळा आला की त्यातले काहीच मागे उरत नाही. रस्ते तर होणारच आहेत. त्याच रस्त्याच्या अंदाजपत्रकात चारी आणि झिरपखड्डे बसवणे, हे रस्ता झाल्यावर पुन्हा फोडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे. माझी वसुंधरा अभियानासारख्या शासकीय कार्यक्रमांत या कामांना स्थान आहे.

कोणी असेही म्हणेल की पावसाचे पाणी अडवायला लागलो तर माजलगावच्या आणि गोदावरीच्या पाण्यावरचा आपला हक्क कमी होईल. असे अजिबात नाही. तो हक्क आहे आणि तो मागत राहावे. पण दुष्काळी वर्षात धरणच मृतसाठ्यावर आले की कागदावरच्या हक्काने हंडा भरत नाही. त्या वर्षी शहराच्या पोटात साठवलेले पाणी आपल्याला तारून नेईल.

म्हणून माझ्या मागण्या स्पष्ट लिहितो.

1. बीड शहर हे पाणलोट क्षेत्र असल्याचा ठराव सर्वसाधारण सभेत घ्यावा आणि भूजल यंत्रणेच्या मदतीने शहराचा झिरप-नकाशा तयार करून तो नागरिकांसाठी खुला करावा.

2. नगर परिषदेच्या सर्व इमारती आणि शाळांवर पुढच्या पावसाळ्याआधी छत-पाणी पुनर्भरण पूर्ण करावे. 500 चौरस मीटरपेक्षा लहान भूखंडांवर ते करणाऱ्या घरांना मालमत्ता करात सवलत मिळण्याची व्यवस्था करावी. मोठ्या इमारतींची भोगवटा परवान्यापूर्वी प्रत्यक्ष पाहणी व्हावी.

3. यापुढे कोणत्याही रस्त्याचे अंदाजपत्रक झिरपचारी, झाडाभोवतीची मोकळी माती आणि पाण्याच्या उताराचा आराखडा असल्याशिवाय मंजूर करू नये.

4. ले-आउटमधल्या सर्व खुल्या जागांची यादी प्रसिद्ध करावी, त्यांवरची अतिक्रमणे हटवावीत, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक प्रभागात किमान एक झिरपबाग करावी. तिची राखण त्या भागातल्या महिला बचत गटाला मानधन देऊन सोपवावी.

5. बिंदुसरेच्या निळ्या आणि लाल पूररेषा जमिनीवर चिन्हांकित कराव्यात. नदीत जाणाऱ्या प्रत्येक सांडपाण्याच्या तोंडाची नोंद करून ती बंद करण्याचा वर्षनिहाय कार्यक्रम जाहीर करावा.

6. खजाना बावडी, तिच्या भुयारी वाटा आणि शहरातले आड-बारवा यांचे सर्वेक्षण पुरातत्त्व विभागाबरोबर करावे. खजाना बावडीच्या परिसरात नवे खोल बोअर आणि बांधकामे यांवर निर्बंध आणण्यासाठी जिल्हा प्रशासनाकडे आग्रह धरावा.

7. या कामांसाठी अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे आणि त्यातला ठराविक हिस्सा फक्त देखभालीसाठी राखावा.

2011 च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या 1 लाख 46 हजार 709 होती. तेव्हापासून शहर चारही दिशांनी वाढते आहे. जे माळ आज मोकळे आहेत त्यांवर येत्या दहा वर्षांत घरे होतील. तिथली माती एकदा काँक्रिटखाली गेली की ती परत मिळणार नाही. त्यामुळे हा निर्णय पुढच्या कुठल्या तरी कार्यकाळावर ढकलता येणार नाही, तो आपल्यालाच घ्यावा लागेल.

नागरिक म्हणून आमचीही बाजू आहे, आणि ती मी जबाबदारीने मांडतो. आपण झिरप-नकाशा द्या, आम्ही आपापल्या छताचे पाणी त्यानुसार वळवू. आपण खुली जागा मोकळी करून द्या, आम्ही तिथे श्रमदानाला येऊ. आपण झाडाभोवतीचे काँक्रिट काढा, त्या झाडाला उन्हाळ्यात पाणी घालायचे काम गल्लीचे. अंबाजोगाईच्या खेड्यांनी हे करून दाखवले आहे, आणि त्याच जिल्ह्याचे मुख्यालय मागे राहणे शोभणारे नाही.

येत्या अर्थसंकल्पी सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घ्यावा आणि त्या सभेत या सात मागण्यांवर एकेक करून होकार की नकार, आणि नकार असल्यास त्याचे कारण, हे इतिवृत्तात नोंदवावे. सभेला नागरिकांना उपस्थित राहता येईल अशी व्यवस्था झाली तर आम्ही येऊ, प्रश्न विचारू आणि कामालाही उभे राहू.

कळावे, लोभ असावा.

आपला,
बीड शहरातील एक करदाता नागरिक